खंडेनवमीचं फ्लायव्हील

लाईट आली तेव्हा पूजा होऊन अडीच तास झाले होते.

वर्कशॉपातली ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. मी आणि हसनचाचा दोघंही वर बघत राहिलो. उद्यमनगरात आमच्या ओळीचा ट्रान्सफॉर्मर शुक्रवारी पहाटे जळाला होता, तो शनिवारी साडेनऊला दुरुस्त झाला. आणि शनिवारी होती खंडेनवमी. सकाळी सातलाच लेथला हळदकुंकू लागलं होतं, झेंडूचा हार चढला होता. पान्हे, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडून झालं होतं. एकदा पूजेला लावलं की दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा चाचांचा नेम होता.

"लाईट आली की रं, निवास," दारातून जयकुमार मगदूम म्हणाला. तो धावतच आला असावा, शर्ट पाठीला चिकटला होता.

"आली," मी म्हणालो. "वरातीमागून घोडं."

जयू माझा शाळेपासूनचा दोस्त. लक्ष्मीपुरीत त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, पण जीव सगळा गाडीत. गाडी म्हणजे मागच्या चाकांवर चालणारा एक जुना डबा, ज्याची कंपनीही कधीच बंद पडलेली. तिच्यात त्यानं मोठं इंजिन बसवलं होतं आणि तो ती ड्रॅगच्या शर्यतीत पळवायचा. सरळ चारशे मीटर, दोनच गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. चौदा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. सगळी मेख सुटण्यात असते. इंजिन वर चढवून ठेवायचं आणि दिवा लागला की क्लच सोडायचा. तो एक झटका गाडीच्या हाडापर्यंत जातो.

मागच्या वर्षी त्याच झटक्यात त्याची मागची चाकं फिरवणारी अ‍ॅक्सल मोडली होती. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. दोन हजार लोकांसमोर त्यानं आणि मी ती ढकलत मागं आणली. माईकवरचा माणूस म्हणाला, "मगदूमसाहेब चालत निघाले." ते जयूच्या मनातून गेलं नव्हतं.

म्हणून यंदा आम्ही गाडीचा मागचा सगळा भाग नव्यानं करायला घेतला होता. चांगल्या पोलादाच्या दोन अ‍ॅक्सल मी स्वतः केल्या आणि बुधवारी गाडीत बसवल्या. तेव्हा चाचांनी गाडीखाली वाकून बघितलं होतं.

"झकास झालंय," ते म्हणाले होते. "पण आता अ‍ॅक्सल मोडायची नाही. म्हणजे मार दुसरीकडं बसणार. क्लच घसरणार, तापणार, आणि फ्लायव्हील जुनं बिडाचं आहे. ते बदलल्याशिवाय ह्याला पळू देऊ नकोस."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीमागची जड चकती. क्लच तिच्यावरच बसतो. चालवणाऱ्याच्या डाव्या पावलापासून ती एक हातही लांब नसते, मध्ये फक्त एक पातळ पत्रा. आणि बीड म्हणजे ओतीव लोखंड. चाचा म्हणायचे, बीड दाबाला वाघ असतं आणि ताणाला शेळी. जोरात फिरवलं की त्याला ताणच पडतो.

तर नवं फ्लायव्हील अख्ख्या पोलादाच्या गोळ्यातून काढायचं ठरलं. पुण्याहून पोलाद यायला गुरुवारची संध्याकाळ झाली. त्याच संध्याकाळी मी लेथवरचं बहुतेक टर्निंग उरकलं. सहा बोल्टांची भोकं, शेवटचा एक कट आणि तोल काढणं एवढंच राहिलं होतं. फ्लायव्हीलभोवती, ते फुटलंच तर तुकडे अडवायला, जाड पत्र्याचं कवच वेल्डिंग करून बसवायचं होतं. शुक्रवारी सकाळी बसलो असतो तर दुपारी गाडीत असतं. शुक्रवारी लाईटच नव्हती.

"चाचा," जयू म्हणाला, "तीन तासांचं काम आहे. हा निवास आहे की, तो करतो. तुम्ही घरी जावा. तुम्ही बघितलंच नाही असं समजा."

चाचा स्टुलावर बसले होते. पांढरा लेंगा-शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी. पासष्टीचा माणूस, पण मनगट अजून लेथच्या चाकासारखं.

"मी बघितलं नाही तरी ते बघतंय की," ते लेथकडं मान करून म्हणाले.

"लोखंड आहे ओ ते."

"तीनशे चौसष्ट दिवस आपण त्याला राबवतो, एक दिवस त्याचा. माझा पणजोबा संस्थानातल्या तलवारींना धार लावायचा. पूजेला मांडलेली तलवार मागायला सरदार आला तरी द्यायचा नाही. उद्या या म्हणायचा." चाचा हसले. "आणि तू तर सरदारही नाहीस."

जयू हसला नाही. "चार दारं फिरून आलोय. सगळीकडं हार घालून ठेवलेत. उद्या शर्यत आहे, चाचा. वर्षात एकदा होती."

हसन शिकलगारांच्या घरी खंडेनवमी म्हटल्यावर नवख्या माणसाला नवल वाटायचं. आम्हाला कधी वाटलं नाही. हळदकुंकू मी लावायचो, नारळ चाचा फोडायचे, आणि प्रसादाचं खोबरं खाऊन ते दुपारच्या नमाजाला जायचे. पंधरा वर्षं तसंच चाललं होतं. त्या सकाळी मात्र त्यांनी नारळ माझ्या हातात दिला होता. म्हणाले, "पोरं माझी दुबईला. ती काय आता परत येत नाहीत. इथनं पुढं नारळ तू फोडायचास." मला काय ते कळलं. शेजारच्या वर्कशॉपातली चार माणसं उभी होती, त्यांनाही कळलं. लोहाराचा निवास शिकलगारांचं वर्कशॉप पुढं चालवणार. मी नारळ फोडला आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जयूचं ऐकून चाचांनी टोपी सारखी केली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"निवास, जुनं फ्लायव्हील तूच टर्न केलंस नव्हं?"

"हो."

"किती ठेवलंस? साडेसहा किलोच्या वर आहे ना?"

आता इथं मला थोडं मागं जायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ते फ्लायव्हील आठ किलोचं होतं. फ्लायव्हील हलकं केलं की इंजिन झटकन चढतं, म्हणून शर्यतीवाले ते लेथवर घासून घेतात. चाचांनी बजावलं होतं, साडेसहाच्या खाली उतरू नकोस. मी साडेसहावर थांबलो. जयू शेजारी उभा होता. "अजून एक कट मार की," म्हणाला. मी मारला. "अजून एक." त्या काळात मला माझ्या हाताचा फार माज होता. शेवटी वजन केलं तर सव्वापाच किलो. कडेपाशी जाडी उरली होती सहा एमएम. जयू खूश. मी ते कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि चाचांना म्हणालो, झालं, साडेसहा भरलं. त्यांनी पाठ थोपटली. पाठ थोपटल्यावर खरं सांगायचं राहून जातं.

ते दोन वर्षं टिकलं. का टिकलं ते बुधवारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. प्रत्येक वेळी त्याच्या आधी अ‍ॅक्सल मोडायची किंवा मागची चाकं जागेवर फिरायची, म्हणून ते वाचायचं. आता अ‍ॅक्सल मोडणार नव्हती. टायरही नवे, रस्त्याला चिकटणारे.

चाचा विचारत होते. जयू माझ्याकडं बघत होता. सव्वापाच हा आकडा त्यालाही माहीत होता.

"हो," मी म्हणालो. "साडेसहा आहे."

जयूनं मान खाली घातली. 

"मग ऐक," चाचा त्याला म्हणाले. "पाच हजार आरपीएमच्या वर इंजिन न्यायचं नाही. त्याच्या खाली क्लच सोड. हरलास तर हरलास. दोन फेऱ्या निघतील. सोमवारी आम्ही नवं बसवतो."

"बरं," जयू म्हणाला.

एवढंच झालं. पाच मिनिटांची गोष्ट. मी म्हणालो असतो, चाचा, सव्वापाच आहे, तर काय झालं असतं हे मी त्यानंतर इतक्या वेळा मनात चालवून बघितलंय की आता ते घडलेलंच वाटतं.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. टेंपोवर गाडी, पुढं आम्ही दोघं. शर्यत मिरजेपुढं तासाभरावर, एका कारखान्याच्या खासगी धावपट्टीवर होती. चाचा दसऱ्याला घर सोडत नसत, ते आले नाहीत. वाटेत जयू टेप लावून गात होता. जयसिंगपूर गेलं, मिरज गेलं. मी मूग गिळून बसलो होतो.

"काय झालंय तुला?" त्यानं विचारलं.

"जयू, सव्वापाच आहे ते."

"माहीत आहे की."

"मी चाचांना खोटं सांगितलं."

"मग मी काय करू? मी होतो की तिथं. मीही गप्प बसलो." त्यानं टेप बंद केला. "तू बोलला असतास तर चाचांनी गाडीच अडवून ठेवली असती. मला भ्या त्याचंच होतं."

"पाच हजाराच्या वर नेऊ नकोस. साडेचारवर सोड."

"साडेचारवर लोक भाजी आणायला जातात, भावा."

"मग पळू नकोस आज."

"निवाश्या, दोन वर्षं पळालंय ते. आज काय त्याची शेवटची घटका भरलीय का?"

"अ‍ॅक्सल मोडायची म्हणून ते राहायचं. आता सगळा मार त्याच्यावर येणार."

त्याला ते कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला. पण कळणं वेगळं आणि टेंपो माघारी वळवणं वेगळं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "दोन फेऱ्या. सोमवारी तुझ्या हातानं ते पंचगंगेत टाक." आणि टेप परत लावला.

धावपट्टीवर पोचल्यावर गाडी तपासणारा माणूस आला. हेल्मेट बघितलं, पट्टा ओढून बघितला, चाकांचे बोल्ट बघितले. "फ्लायव्हीलला कवच आहे?" त्यानं विचारलं.

"ह्या गटात सक्ती नाही," जयू म्हणाला.

"सक्ती नाही. विचारलं." त्यानं कागदावर टिक केली आणि पुढच्या गाडीकडं गेला.

मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित त्यानं फ्लायव्हीलची चौकशी केली असती. पण जयू माझ्याकडं बघत होता, आणि मला वाटलं, मित्राला शर्यतीतून काढणारा मी कोण. हे असं असतं बघा. प्रत्येक ठिकाणी बोलायला एक जागा होती, आणि प्रत्येक ठिकाणी मला गप्प बसायला चांगलं कारण मिळालं.

पहिल्या फेरीत त्यानं माझं निम्मं ऐकलं. पाच हजारावर क्लच सोडला. गाडी अशी सुटली की मी आजवर तिला तशी बघितली नव्हती. मागचा भाग खाली बसला, चाकं एक क्षणही फिरली नाहीत, सगळी ताकद जमिनीत. तो अर्ध्या गाडीनं जिंकला. माझ्या अ‍ॅक्सल होत्या त्या. मला आनंद झाला, हेही सांगायला पाहिजे. शिट्टी मारली मी.

तो परत आला तेव्हा गाडीखालून क्लच जळाल्याचा वास येत होता. मी खाली वाकून हात लावायला गेलो तर लावता येईना, एवढं तापलं होतं.

"जयू, क्लच घसरतोय. फ्लायव्हील लाल झालं असणार आत. तडे जातात असं तापल्यावर."

"थंड होईल. अर्धा तास आहे."

"बस कर आता. जिंकलास की एक."

"पुढचा कोण आहे बघितलास?" तो म्हणाला. पुढची गाडी सांगलीच्या एकाची होती. मागच्या वर्षी जयू गाडी ढकलत होता तेव्हा शेजारच्या पट्ट्यात तीच होती. "ह्याच्यासमोर पाच हजारानं भागत नाही."

"किती नेणार आहेस?"

त्यानं हेल्मेट घातलं. हेल्मेटातून बोललेलं ऐकू येत नाही असं भासवून तो गाडीत बसला.

अर्ध्या तासाच्या जागी दहा मिनिटांतच दोन्ही गाड्यांना रांगेत बोलावलं. मी खिडकीशी चालत होतो. "जयू, चाचांची शपथ आहे तुला," म्हणालो. त्यानं काच वर केली. तिथून पुढं फक्त गाड्या जातात, माणसांना दोरी असते. दोरीपाशी पिवळं जाकीट घातलेला एक पोरगेला पंच उभा होता.

"ती गाडी थांबवा," मी त्याला म्हणालो.

"का?"

"फ्लायव्हील पातळ आहे. फुटेल."

"तुम्ही कोण?"

"मीच केलंय ते."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. बहुतेक त्याला वाटलं मी समोरच्या सांगलीवाल्याचा माणूस आहे. असले डाव होतात. "तपासणीत पास झालीय गाडी," तो म्हणाला. "चालवणाऱ्यानं हात वर केला तर थांबवतो."

"तो करणार नाही."

"मग मी काय करू?"

खरंच, तो काय करणार होता. मी दोरीखालून घुसलो. दोघांनी मला धरलं. "अहो, मरायचंय काय," एकजण म्हणाला. दोन्ही इंजिनं वर चढली. मी ओरडत होतो, पण माझा आवाज मलाही येत नव्हता. जयूच्या इंजिनाचा आवाज मी ओळखतो. पाच हजार गेले, साडेपाच गेले, सहा गेले. कानानं मोजत होतो मी. दोघा माणसांच्या हातात उभा राहून साडेसहा हजार मोजले आणि दिवा हिरवा झाला.

आवाज फार मोठा झाला नाही. लोकांना वाटतं बॉम्बसारखा झाला असेल. लोखंडी पिंपावर घण मारल्यासारखा झाला, एकच. बॉनेटच्या मागच्या कडेला एक भोक पडलं आणि काहीतरी उडून लांब उसात गेलं. गाडी मात्र तशीच सरळ शंभर मीटर गेली आणि हळूहळू आपोआप थांबली. सांगलीवाला टोकाला पोचला तेव्हा टाळ्या वाजल्या. कुणाला काही कळलंच नव्हतं.

मी पोचलो तेव्हा जयू जागा होता. हेल्मेटाची काच वर करून म्हणाला, "निवास, क्लच दाबला जाईना रं." त्याला वाटत होतं क्लच बिघडलाय. मी खाली बघितलं. पत्रा आतल्या बाजूला फाटून वर आला होता. डावा बूट तिथं होता, पण जिथं असायला पाहिजे तिथं नव्हता. मी माझा शर्ट काढून नडगीला आवळून बांधला आणि त्याला म्हणालो, खाली बघू नकोस.

मिरजेच्या दवाखान्यात त्याचा डावा पाय घोट्याच्या वर कापला. दसऱ्याचा दिवस. दवाखान्यातले लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते. एका मावशींनी माझ्याही हातात पान ठेवलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मी घेतलं. अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट होता.

संध्याकाळी जयूची आई आली, आणि तिच्या मागोमाग एस्टीनं चाचा आले. काकू बाकावर बसल्या होत्या. चाचा त्यांच्यासमोर सरळ फरशीवर बसले. एवढा माणूस, फरशीवर.

"बाई, माझ्या नेमापायी झालं," ते म्हणाले. "पोरगा हात जोडत होता, मशीन चालू करा म्हणून. मी हट्टानं नाही म्हणालो. तीन तासांचं काम होतं. तुमच्या पोराचा पाय माझ्यामुळं गेला."

 काकू पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत राहिल्या. मी चहाचे कप हातात घेऊन उभा होतो. चहा गार होईपर्यंत उभा होतो.

जिन्यात मी चाचांना गाठलं.

"चाचा, सव्वापाच होतं ते."

त्यांनी कठड्याला धरलं. "किती?"

"सव्वापाच किलो. कडेला सहा एमएम."

"मी साडेसहा सांगितलं होतं."

"हो."

"काल परत विचारलं होतं."

"हो."

"का रं?" ते म्हणाले. चिडून नाही. खरोखर विचारत होते, एखादा पार्ट का मोडला ते विचारावं तसं.

माझ्याकडं उत्तर होतं. सकाळी तुम्ही नारळ हातात दिला होता, आणि दोन तासांनी मला तुमच्यासमोर चोर ठरायचं नव्हतं. एवढंच. माणसाच्या पायासमोर ते उत्तर इतकं चिल्लर होतं की तोंडातून निघेना.

"सव्वापाच म्हणाला असतास," चाचा म्हणाले, "तर हार मीच काढला असता. नाहीतर किल्ली काढून घेतली असती त्याची." मग जिन्याच्या पायरीवर बसले. "मला सगळ्यात वाईट काय वाटतंय सांगू? कुणाच्या जिवावर बेतलं तरी मी नेम मोडणार नाही, असंच तुला माझ्याबद्दल वाटलं. पंधरा वर्षं माझ्याजवळ राहून."

मी रडायला लागलो. "मी आत्ता वर जाऊन काकूंना सांगतो."

"बस खाली."

"नाही चाचा."

"बस म्हणतो." त्यांनी माझा हात ओढला. "तुझी पोर दीड वर्षाची आहे. लेथवाल्यानं मापात खोटं सांगितलं हे एकदा उद्यमनगरात झालं की तुला कुणी खिळा करायला देणार नाही. मी म्हातारा आहे. मला काय करतील? आणि मी वर जे बोललो ते खोटं नाही. मशीन नाही म्हणालो तो मीच."

"पण..."

"लोकांना माझं कारण पटेल. राहू दे तसंच."

आणि मी राहू दिलं. ह्यात त्यांचा मोठेपणा आणि माझं काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. त्या रात्री मला हलकं वाटलं होतं. त्याची लाज नंतर आली.

गोष्ट उद्यमनगरात पसरायला आठवडा लागला नाही. चहाच्या गाड्यावर मी माझ्या कानानं ऐकलं, "त्यांना कशाला पाहिजे होती आपली खंडेनवमी? नसते नेम पाळायचे आणि दुसऱ्याचा पाय घालवायचा." ज्या माणसानं हे म्हटलं त्याचा बाप चाचांच्या हाताखाली लेथ शिकला होता. मी कप ठेवला आणि उठून आलो. चार गिऱ्हाइकं तुटली. पुढच्या खंडेनवमीला चाचा वर्कशॉपात आलेच नाहीत. म्हणाले, "तू कर. मला नाही मानवत ते." पणजोबापासून चालत आलेलं त्यांनी एका वाक्यात सोडलं.

जयू सहा महिन्यांनी कृत्रिम पाय लावून दुकानात बसायला लागला. एकदा मी त्याला म्हणालो, "आपण दोघांनी घरी सांगू या. काकूंना तरी."

त्यानं बराच वेळ बिलाची वही चाळली. "तू मला टेंपोत सांगितलं होतंस," म्हणाला. "दोरीपर्यंत सांगत आलास. तू बोललास की मला तेही बोलावं लागेल. आई म्हणेल, माहीत असून बसलास? तिला चाचांवर राग धरून दिवस काढता येतात. माझ्यावर राग धरून नाही काढता येणार." मी विषय सोडला. त्याचा पाय गेला होता.

अशी चौदा वर्षं गेली. वर्कशॉप माझ्या नावावर झालं. चाचा रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे, जॉब हातात घेऊन कड चाचपायचे, कधी म्हणायचे, "थोडं ठेव अजून अंगाला." त्यांनी तो विषय पुन्हा एकदाही काढला नाही. मला वाटायचं काढावा, शिव्या घालाव्यात. मागच्या फाल्गुनात दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

दफन झाल्यावर माणसं दारात बसली होती. जयू आला होता, काठी टेकत. सोबत काकू होत्या. थकल्या होत्या, जयूच्या खांद्याला धरून आल्या. चौदा वर्षांत त्यांनी चाचांच्या घराची पायरी चढली नव्हती. चाचींच्या शेजारी जाऊन बसल्या, हातात हात घेतला. मग उठून माझ्यापाशी आल्या.

"शेवटी माणूस चांगला होता रे निवास," त्या म्हणाल्या. "झालं गेलं. मी आत्ता त्यांच्या बायकोला सांगितलं, आम्ही माफ केलं त्यांना."

जयू माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं. मध्ये काकू, डोळे पुसत.

"बरं केलंत, काकू," मी म्हणालो.